चौवाटेवरची खूण

डोंगराच्या उतरणीवर पसरलेल्या एका दाट रानात एक चितळ हरिणी राहत असे. तिच्या अंगावर पांढरे ठिपके होते, पाय काटक होते आणि ती धावू लागली की कळपातल्या भल्याभल्यांची दमछाक होई. मुलांनो, वेगाने धावता येणे ही रानात फार मोठी गोष्ट असते. त्यामुळे हरिणीचे सगळे कौतुक करत, आणि आपले कौतुक होते आहे हे हरिणीलाही चांगले ठाऊक होते.

त्या रानाच्या मध्यावर चार वाटा एकमेकींना मिळत. एक वाट वरच्या बांबूच्या बनातून तीव्र उताराने खाली येई. तिच्या समोरची वाट आणखी खाली पाणवठ्यापर्यंत जाई. डाव्या हाताची वाट कुरणाकडे वळे आणि उजव्या हाताची खारट मातीकडे, जिथे रानातले प्राणी अधूनमधून माती चाटायला जमत. या जागेला सगळे चौवाट म्हणत. चौवाटेच्या चारही कोपऱ्यांवर कारवी इतकी दाट माजलेली असे, की अगदी तोंडाशी येईपर्यंत दुसऱ्या वाटेने कोण येते आहे ते दिसत नसे.

फार पूर्वी एका कडक उन्हाळ्यात रानातले बाकीचे पाणी आटले आणि सगळे प्राणी त्या एकाच पाणवठ्यावर येऊ लागले. तेव्हा चौवाटेवर रोज कोणी ना कोणी कोणावर तरी आदळे. एका सांबराचा पाय मोडला, गव्याचे एक वासरू दगावले. मग रानातल्या जाणत्यांनी एकत्र बसून काही ठरवले. चारही वाटांवर, चौवाटेच्या थोडे अलीकडे, एकेका ऐनाच्या झाडाची साल सांबरांनी शिंगांनी घासून काढली. तो सोललेला बुंधा दिसला की प्रत्येकाने थांबायचे, पुढचा पाय जमिनीवर आपटायचा, दुसऱ्या वाटेवरून कोणी पाय आपटून उत्तर देते का ते ऐकायचे आणि मगच पुढे व्हायचे. उतारावरच्या वाटेला त्याच्याही आधी पांढऱ्या दगडांची एक रास रचली, कारण उतारावर धावणाऱ्याला एकदम थांबता येत नाही. रास दिसली की तिथूनच पाय आखडते घ्यायचे. दोघे एकाच वेळी आले, तर चढून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचे. आणि ज्याच्याबरोबर पिल्लू आहे किंवा ज्याची चालच हळू आहे, तो सगळ्यांच्या आधी.

एवढेच नियम होते. ते कोणी पाठ करून घेत नसे. पिल्ले आईच्या पायाला पाय लावून चालत, आई थांबली की थांबत आणि मोठी होईपर्यंत ती गोष्ट त्यांच्या अंगात मुरलेली असे.

आपली हरिणीही तशीच शिकली होती. पण एका सकाळी कळपातल्या तिच्या मैत्रिणींनी कुरणापर्यंत शर्यत लावली. कुरणात कोवळे गवत आले होते आणि जी आधी पोहोचेल तिला त्यातले सर्वांत चांगले मिळणार होते. हरिणी अर्थातच सगळ्यांच्या पुढे होती. सोललेला बुंधा दिसला तेव्हा तिने क्षणभर विचार केला, की आता थांबले तर मागच्या गाठतील. ती थांबली नाही. चौवाट ओलांडून ती कुरणात शिरली, आणि काहीसुद्धा झाले नाही.

काही झाले नाही, हेच वाईट झाले. कारण दुसऱ्या दिवशी तिला थांबण्याचा कंटाळा आला. तिसऱ्या वेळी तिने स्वतःला समजावले, की ज्यांचे कान मंद आहेत त्यांच्यासाठी हा नियम आहे. आपल्याला पान हललेले ऐकू येते, वाऱ्यावर वास येतो, मग पाय आपटत उभे राहण्याची काय गरज? दरवेळी ती सुखरूप पलीकडे पोहोचे आणि दरवेळी तिची खात्री थोडी वाढे. हळूहळू तिला तो बुंधा दिसेनासाच झाला. म्हणजे डोळ्यांना दिसे, पण पायांपर्यंत पोहोचत नसे.

चौवाटेच्या डोक्यावर उंबराचे मोठे झाड होते आणि त्यावर एक म्हातारा वानर राही. वरून त्याला चारही वाटा दिसत. एकदा हरिणी झाडाखाली पडलेली उंबरे खात असताना त्याने तो विषय काढला. हरिणीने आपल्या कानांची गोष्ट त्याला सांगितली. शिवाय आजोबा वर बसलेलेच असतात, काही दिसले तर ते ओरडतीलच, असेही ती हसत म्हणाली.

वानर म्हणाला, "मी इथे उंबरं खायला बसतो पोरी, पहाऱ्याला नाही. आणि तुझे कान चांगले आहेत, मान्य. पण कासव चालतं तेव्हा आवाज होतो का?"

हरिणीला त्या प्रश्नाचे फारसे वाटले नाही. कासवे अशी कितीशी असतात, असा विचार करून तिने विषय बदलला.

त्या भागात एक म्हातारे कासव होते. रोज ऊन चढायच्या आत ते खारट मातीच्या बाजूने निघे आणि चौवाट ओलांडून कुरणाकडे जाई. एवढे अंतर जायला त्याला इतका वेळ लागे की तोवर पाण्याला गेलेले प्राणी परतही येत. पण नियम असल्यामुळे कासव निर्धास्त असे. सगळ्यांना आपल्यासाठी थांबावे लागते याचा त्याला थोडा संकोच वाटे, म्हणून ते जाता जाता प्रत्येकाला मान हलवून नमस्कार करी.

एका सकाळी हरिणी उतारावरून भरधाव आली आणि चौवाटेच्या मधोमध तिला कासव दिसले. थांबायला वेळच नव्हता. तिने तशीच झेप घेतली, कासवाच्या पाठीवरून उडाली आणि पलीकडे अलगद उतरली. चौवाटेच्या कडेला, खारट मातीच्या वाटेवर, एक चिखलाचे डबके होते. त्यात रानडुकराची पिल्ले लोळत होती. त्यांनी ती उडी पाहिली आणि ती आनंदाने चीत्कारू लागली. हरिणीही दचकली होती, पण पिल्लांचे कौतुकाचे डोळे पाहून ती मान ताठ करून निघून गेली.

कासवाने मात्र मान आणि पाय पाठीखाली ओढून घेतले होते. ते तसेच चौवाटेच्या मधोमध पडून राहिले. दोन-चार दिवसांनी हरिणी त्याला कुरणात भेटली तेव्हा तिने सहजपणे विचारपूस केली. आपण उडी मारली म्हणून बरे झाले, असेही ती म्हणाली.

कासव म्हणाले, "खरं आहे. तू उडी मारलीस म्हणून मी वाचलो. पण मी वाचलो आहे हे मला कळायला फार वेळ लागला. तोपर्यंत तू गेली होतीस."

त्यानंतर कासवाने चौवाटेचा रस्ता सोडला. खडकांच्या मागून एक लांबचा वळसा होता, तिथून ते जाऊ लागले. त्या वाटेने कुरणात पोहोचेपर्यंत ऊन माथ्यावर येई आणि गवतावरचे दव सुकून जाई. हरिणीला हे कळले नाही. चौवाटेवर कासव आता दिसत नाही, एवढेच तिच्या लक्षात आले आणि तिला जरा मोकळे वाटले.

दिवस गेले, पावसाळा येऊन गेला. रानडुकराची पिल्ले मोठी झाली, त्यांच्या तोंडातून सुळे डोकावू लागले. ती आता झुंडीने बांबूच्या बनातून उतारावरून धडधडत खाली येत, पांढऱ्या दगडांची रास तुडवत आणि चौवाटेवरून वळण घेऊन डबक्यात उड्या टाकत. रास हळूहळू विखुरली. ती पुन्हा रचायला कोणी गेले नाही. इतरांनीही थांबणे सोडले. आणि जे अजून थांबत, त्यांचे हाल तर जास्तच. समोरचा थांबेल की नाही याचा भरवसा नसल्यामुळे एखादा गवा बुंध्याशी कितीतरी वेळ उभा राही. पाय आपटला तर उत्तर येत नसे. उत्तर आले तरी ते खरे मानावे की नाही कळत नसे. सांबरांच्या दोन माद्या आपली पिल्ले घेऊन दूरच्या पाण्याकडे निघून गेल्या. बुंध्यांच्या उघड्या पडलेल्या जागेवर कडांनी नवी साल चढू लागली आणि वरून शेवाळ आले.

हिवाळ्याच्या तोंडाशी हरिणीला एक पाडस झाले.

पहिले काही दिवस तिने त्याला उंच गवतात लपवून ठेवले. मग ते तिच्यामागून चालू लागले. चालणे कसले, चार पावले टाकायची, एखाद्या पानाचा वास घ्यायचा, फुलपाखराकडे पाहत उभे राहायचे आणि आई दिसेनाशी झाली की घाबरून पळत यायचे. हरिणी आयुष्यात पहिल्यांदा हळू चालायला शिकली. जी वाट ती डोळ्याचे पाते लवते न लवते तोच पार करी, ती आता तिला संपता संपत नसे. झुडपामागून कोण येईल, पलीकडे काय असेल, असे विचार तिच्या मनात येऊ लागले.

एके दिवशी ती पाडसाला घेऊन पहिल्यांदाच पाणवठ्यावर गेली. जाताना चौवाट शांत होती. पाणी पिऊन दोघे चढावरून परत येऊ लागले तेव्हा तिला शेवाळाखालचा तो बुंधा दिसला. किती दिवसांनी तो तिला खरोखर दिसला होता. ती थांबली. तिच्या पोटाला चिकटून पाडसही थांबले. तिने पुढचा पाय जमिनीवर आपटला आणि कान टवकारून वाट पाहिली. कोणाचे उत्तर आले नाही. तिने पुन्हा एकदा पाय आपटला. मग ती निघाली. ती चढून येत होती, तिच्याबरोबर पिल्लू होते. नियमाने पहिला हक्क तिचाच होता.

ती मधोमध पोहोचली आणि वरून धडधड ऐकू आली. उंबरावरून वानर जिवाच्या आकांताने ओरडला. हरिणीने स्वतः उडी मारली असती तर ती सहज वाचली असती. पण पाडसाला उडी मारता येत नव्हती, म्हणून ती वळून त्याच्याकडे धावली. तेवढ्यात कारवी फाकली आणि रानडुकरांच्या झुंडीतला सगळ्यांत पुढचा थेट पाडसावर आदळला.

पाडस उडून कारवीत पडले. रानडुक्कर तोल जाऊन कोलमडला आणि त्याचा खांदा उंबराच्या मुळावर आपटला. मागची डुकरे एकमेकांवर धडकत थांबली. 

पाडस जिवंत होते. त्याचे डोळे उघडे होते आणि मागचा एक पाय विचित्र वळला होता. हरिणीने त्याला चाटले, त्याच्या अंगाचा वास घेतला आणि ते श्वास घेते आहे याची खात्री झाल्यावर ती रानडुकराकडे वळली.  रानडुक्कर धडपडत उठत होता. त्याला पाय टेकवत नव्हता.

"तुला वाटेवरची खूण दिसली नाही?" तिने विचारले. "पांढरे दगड दिसले नाहीत?"

रानडुकराच्या आवाजात उद्धटपणा नव्हता. तो घाबरला होता. तो म्हणाला, "दगड दिसतात ना मावशी. रोजच. पण तिथे थांबायचं असतं हे आम्हाला खरंच माहीत नव्हतं. आम्ही लहान असताना डबक्यात बसून तुलाच बघायचो. तू कधी थांबली नाहीस."

हरिणी वळली आणि पाडसाजवळ परत गेली.

कळप थोडे दिवस जवळपास रेंगाळला आणि मग चाऱ्यामागे पुढे निघून गेला. हरिणी पाडसाजवळ बांबूच्या सावलीत राहिली. ते चालू शकत नव्हते, त्यामुळे तिलाही दूर जाता येईना. जवळचे गवत संपले तेव्हा म्हातारा वानर वरून पाला तोडून खाली टाकू लागला. हरिणी मान हलवून तो पाला खाई.

पाडस झोपले की ती विचार करत बसे. आधी तिचा सगळा राग रानडुकरांवर होता. त्यांना या भागातून हुसकून लावायला हवे असे तिला वाटले. मग वाटले, की चौवाटेवर पहारा हवा, गव्यांनी पाळीपाळीने उभे राहावे, म्हणजे कोणाची हिंमत होणार नाही. तिने हे वानराला सांगितले. वानराने ऐकून घेतले. गवा उभा असेल तेव्हा सगळे थांबतील यात शंका नाही, पण तो चरायला गेला की काय होईल, असे त्याने विचारले. तिने हताश होऊन म्हटले, की खुणाच पुसल्या गेल्या आहेत, त्या पुन्हा कराव्या लागतील.

"त्या कर," वानर म्हणाला. "पण खूण काय फक्त झाडावर असते? ती जाणाऱ्या-येणाऱ्यांच्या पायांत असते. झाडावरची तर आता आता पुसली. पायांतली त्याच्या आधीच गेली होती."

 दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर हरिणी पाणवठ्याच्या वाटेवरच्या बुंध्याशी गेली. मादीला शिंगे नसतात, म्हणून तिने खुरांनी शेवाळ खरवडले आणि दातांनी नवी साल ओढून काढायला सुरुवात केली. ऐनाची साल जाड असते. तिच्या हिरड्यांतून रक्त आले. दुपारपर्यंत तळहाताएवढी जागा मोकळी झाली. रोज थोडे थोडे करून तिने तो बुंधा उघडा केला, मग कुरणाकडचा आणि खारट मातीकडचा. उताराच्या वाटेवर ती गेली तेव्हा तिथे तो रानडुक्कर होता. खांदा दुखावल्यामुळे त्याला झुंडीबरोबर धावता येत नव्हते. तिला पाहून तो दचकला.  ती झाडाशी जाऊन खरवडू लागली.  मग तोही पुढे आला आणि त्याने सुळा सालीत घुसवून एक लांब पट्टी खाली ओढली. नंतर त्याने नाकाने ढकलत ढकलत विखुरलेले पांढरे दगड एका जागी आणले. काम संपले तेव्हा तो हलक्या आवाजात पाडसाबद्दल विचारू लागला. ते आता उभे राहते आहे, एवढेच तिने सांगितले.

खुणा तयार झाल्या, पण मुलांनो, भरवसा असा एका दिवसात परत येत नाही.

हरिणी आता प्रत्येक बुंध्याशी थांबे. घाई असो, नसो. पलीकडून वास येवो, न येवो. ती पाय आपटून वाट पाही. पहिल्यांदा एक गवा समोर आला तेव्हा तो तिला ओळखून जागच्या जागी उभा राहिला. ही सुसाट जाणार, मग आपण निघू, असा त्याचा हिशेब. हरिणीही हलेना. पाडस तिच्याबरोबर नव्हते, तो चढून येत होता आणि पाळी त्याची होती. दोघे एकमेकांकडे बघत राहिले. गव्याने एक पाऊल टाकले आणि मागे घेतले. मग पुन्हा टाकले. शेवटी तो चौवाट ओलांडून गेला, पण जाताना सारखा तिच्याकडे वळून बघत होता.

असे कितीतरी वेळा झाले. कधी तिच्या थांबण्याने मागून येणारे चिडत. परतून आलेल्या कळपातल्या तरुण माद्या तिला म्हातारी झालीस म्हणून चिडवत आणि तिच्या बाजूने पुढे निघून जात. कुरणातले कोवळे गवत तिला आता क्वचितच मिळे. एकदा तर ती थांबली असताना तिच्या अगदी नाकासमोरून एक तरस पळत गेले. पाडसाला तिने दाखवले की आपण थांबलो नसतो तर काय झाले असते.

एके दिवशी ती खडकांच्या मागे कासवाला शोधत गेली. तिने आपल्या वागण्याबद्दल त्याची क्षमा मागितली आणि चौवाटेने परत यायची विनंती केली.

कासवाने मान वर करून तिच्याकडे पाहिले. "तू थांबशील यावर माझा विश्वास आहे," ते म्हणाले. "बाकीचे?"

"बाकीच्यांचं वचन मी कसं देऊ?" हरिणी म्हणाली. "मी माझं तेवढं सांगते."

कासवाने मान हलवली, पण ते आले नाही. त्याची उमर झाली होती आणि धाडस संपले होते. पुढेही ते त्या लांबच्या वळशानेच जात राहिले. काही गोष्टी मोडल्या की तशाच राहतात, आणि हे हरिणीला कोणी वेगळे समजावून सांगावे लागले नाही.

पाडसाचा पाय जुळला, पण वाकडाच जुळला. ते लंगडत चाले. उड्या मारणे त्याला कधी जमणार नव्हते. हरिणी सदैव त्याच्याजवळ राही. पण पाडसे मोठी होतात आणि आईच्या सावलीत कायम राहत नाहीत.

उन्हाळ्याच्या सुरुवातीची एक सकाळ होती. हरिणी कुरणाच्या वरच्या खडकावर चढून गेली होती. तिथून कारवीच्या शेंड्यांवरून चौवाट आणि तिच्याकडे येणाऱ्या वाटा दिसत. पाडस कुरणात चरते आहे असे तिला वाटत होते. पण तिने सहज खाली पाहिले तर ते एकटेच पाणी पिऊन वर येत होते. आणि त्याच वेळी उताराच्या वाटेवर धूळ उडालेली तिला दिसली. रानडुकरांची झुंड खाली येत होती. पुढे तोच होता, दुखऱ्या खांद्याचा. खांदा आता बरा झाला होता आणि त्याच्यामागे यंदाची नवी पिल्ले धावत होती.

हरिणीने हाक मारली. अंतर फार होते आणि वारा उलटा होता. कितीही वेगाने धावली असती तरी ती वेळेवर पोहोचली नसती. उंबरावर वानरही दिसत नव्हता. ती खडकाच्या टोकाशी नुसती उभी राहिली.

खाली पाडस बुंध्याशी पोहोचले आणि थांबले. त्याने पाय आपटला. वरून येणारा रानडुक्कर पांढऱ्या दगडांच्या राशीशी आला. त्याची पावले आखडली. मागच्या पिल्लांना हे माहीत नव्हते. ती त्याच्यावर आदळली, त्याच्या पायांमधून पुढे घुसू पाहू लागली, कुरकुरली. तो सोललेल्या बुंध्याशी आडवा उभा राहिला आणि त्याने वाट अडवली. मग त्याने पाय जमिनीवर आपटून उत्तर दिले.

पाडसाने उत्तर ऐकले. ते लंगडत चौवाटेवर आले. मध्यावर त्याला उंबराचे एक फळ पडलेले दिसले. त्याने थांबून त्याचा वास घेतला, तोंडात घेतले, चावले.  रानडुक्कर तसाच उभा होता. त्याच्यामागची पिल्लेही एव्हाना धक्के द्यायची थांबली होती आणि माना पुढे काढून, तो कशाची वाट पाहतो आहे ते पाहत होती.

फळ खाऊन झाल्यावर पाडस पलीकडे गेले आणि कुरणाच्या वाटेला लागले. ते कारवीआड गेले तरी रानडुकराने आणखी थोडा वेळ जाऊ दिला. मग तो पिल्लांना घेऊन चौवाटेवर उतरला.

हरिणी खडकावरून खाली उतरली. पाडस वाटेत भेटले तेव्हा त्याच्या तोंडाला उंबराचा वास येत होता. तिने त्याला जवळ घेऊन चाटले. आईचे पाय का थरथरत आहेत, असे त्याने विचारले. खडक उतरून आले ना, म्हणून, असे तिने सांगितले, आणि दोघे हळूहळू कळपाकडे निघाले.

तात्पर्य : वाटेवरची खूण पाळणाऱ्यांच्या वागण्यावरच टिकते. आपण थांबतो ते समोर न दिसणाऱ्या कोणाच्या तरी जिवासाठी, आणि आपण थांबलो की नाही हे मागून येणारे पाहत असतात.